फाटकाच्या अलीकडचं कुलूप

खट्.

पत्र्यापलीकडून आलेला तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मी एक पितळी कुलूप आहे, मुठीत मावेल एवढं. दवाखाना आणि शाळा यांच्यामधल्या भिंतीत एक पत्र्याचं फाटक आहे. मी दवाखान्याच्या बाजूचा. शाळेच्या बाजूलाही एक कुलूप होतं. आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो.

दवाखान्याच्या धुलाईघराचं पाणी शाळेच्या मैदानात शिरायचं. त्यावरून दोन्हीकडच्या साहेबांचं बिनसलं आणि दोघांनी आपापल्या बाजूने कुलूप ठोकलं. एका फाटकाला दोन कुलपं! माणसं रागावली की खबरदारी फार घेतात.

माझी किल्ली दवाखान्याच्या पहारेकऱ्याकडे, पलीकडची शाळेच्या माळ्याकडे. कुलपं लागण्याआधी दोघं रोज सकाळी या फाटकात उभं राहून चहा प्यायचे म्हणे.

"काय माळीबुवा, आहात ना अजून?"

"आहे की. तुम्हाला पोचवल्याशिवाय जातोय होय!"

फाटक लागलं आणि चहा बंद झाला. मनाई कुणी केली नव्हती. पण साहेबच बोलत नाहीत म्हटल्यावर आपण भिंतीवरून हाका कशा मारायच्या, असं झालं असेल.

मात्र कुलूप नीट लागलंय का, हे रोज बघणं दोघांचंही काम होतं. पहारेकरी मला ओढायचा. खट्. जरा वेळाने पलीकडून, खट्. माझ्या त्या सोबत्याला मी कधी पाहिलं नाही. मध्ये पत्र्याच्या जाडीएवढंच अंतर. पण तो वाजला की दिवसभर बरं वाटायचं. पहारेकऱ्यालाही वाटत असावं, कारण पलीकडचं खट् ऐकू येईपर्यंत तो हलायचा नाही.

एका सकाळी त्याने मला ओढलं आणि पलीकडून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा ओढलं. मग पत्र्याला कान लावून बराच वेळ उभा राहिला. दुपारी धुलाईघरात बोलणं चाललं होतं, तेव्हा कळलं, माळीबुवा गेले. त्यानंतर पलीकडचं कुलूप कुणी ओढलं नाही. अकरा वर्षं मी एकटाच वाजत होतो.

यंदा शाळेची विहीर आटली. झाडं वाळायला लागली. दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या आहेत, शाळेत नवे मुख्याध्यापक. दोघांनी बसून ठरवलं. धुलाईघराचं तेच पाणी खडीच्या आणि लव्हाळ्याच्या खड्ड्यांतून गाळून शाळेच्या झाडांना द्यायचं. शाळेतला पालापाचोळा जाळायचा नाही, त्याचं खत करायचं, आणि दवाखान्याच्या रखरखीत अंगणात झाडं लावायची. नळी, ढकलगाडी, माणसं, सगळं या फाटकातूनच जाणार.

मला झाडांचं फार कळत नाही. मला एवढंच कळलं, की आता मी माझ्या पलीकडच्या सोबत्याला बघणार.

काल पहारेकरी तेल घेऊन आला. तोही आता म्हातारा झालाय; थेंब थेंब तेल सोडत मला हळूहळू चोळत राहिला. धुलाईघरातली मावशी हसली, "दादा, कुलूप उघडताय की बाळाला मालिश करताय?"

"म्हातारं झालंय ते. दमानं घ्यावं लागतं."

मी उघडलो.

पलीकडची किल्ली मात्र सापडली नाही. माळीबुवांच्याच खिशात राहिली असेल. "कापा हो, गंजलंय सगळं," कुणीतरी म्हणालं. करवत चालली. मी पत्र्याअलीकडून ऐकत राहिलो. मग फाटक उघडलं, टाळ्या झाल्या, पहिली ढकलगाडी आत आली. माझा सोबती धुळीत पडला होता. माझ्याएवढाच होता.

आता फाटक उघडंच आहे आणि मी कोयंड्यात नुसता लटकतोय. दोन्हीकडच्या माणसांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. उद्या पुन्हा तुमचं बिनसलं तर बिनसू द्या, पण मला लावू नका. एकट्याने लागून राहणं आता माझ्याने होणार नाही.

आज सकाळी पहारेकरी आला. त्याने धुळीतून माझ्या सोबत्याला उचललं, रुमालाने पुसलं आणि माझ्याशेजारी अडकवलं. मग सवयीने मला ओढलं.

खट्.

तो थांबला. शाळेच्या बाजूला पाणी झाडांकडे चाललं होतं. त्याने मान जराशी तिकडे वळवली आणि पूर्वी थांबायचा तेवढा वेळ थांबला. मग निघून गेला.