मनगुरूंचं बंद दार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर एक धट्टाकट्टा ट्रकचालक हमसून हमसून रडत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मनाच्या गाठी सोडवणाऱ्या मनगुरूंनी त्याच्या कपाळावरचा हात काढला. "बघितलंत? आईने कोंडलं होतं बिचाऱ्याला! अबोध मन कधी खोटं बोलत नाही."

मग लाल धागा आला. एक टोक त्याच्या मनगटाला, दुसरं मंचावरच्या खांबाला. खांब म्हणजे आई. धागा कात्रीने कापला की माणूस 'मोकळा'. घरी जाऊन आईशी संबंध तोडायचे, एवढंच उरतं.

पुढची पाळी माझ्या धाकट्या बहिणीची होती. आज धागा कापला की तिच्या तान्ह्या बाळाला आजी भेटणार नव्हती. तसं तिने काल आईला ठणकावून सांगितलं होतं. आई माझ्या शेजारी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसली होती. माझं डोकं नुसतं तापलं होतं.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. बालपणातून माणूस कसा घडतो, यावर मोठमोठ्यांनी आयुष्यं घातली, कडाकडा भांडणं केली, आपली मतं बदलली. या पठ्ठ्याने त्यातले चार शब्द उचलले आणि दुकान थाटलं.

"अंधारी खोली दिसतेय?" त्याने मनगटाला धागा बांधलेल्या, डोळे मिटलेल्या धाकटीला विचारलं.

"हो... बहुतेक."

"दार बंद आहे. बाहेरून कडी कुणी लावली?"

"आईने!" धाकटीला हुंदका फुटला. "आवाज येतोय कडीचा."

मी ताडकन उठले. "थांब गं! कुठली कडी? आपण एका खोलीत वाढलो. आत आडोशाला फुलाफुलांचा पडदा होता. पडद्याला कडी असते होय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मनगुरूंचं हसू मात्र ढळलं नाही. "ही थोरली का? नकार देतेय. नकार म्हणजेच गाठ!"

आई उभी राहिली. "कोंडलं नाही हो कधी. रट्टे दिलेत, खोटं कशाला बोलू?"

"अपराधी भावना!" मनगुरू गरजले.

"वा रे वा!" मी मंचाजवळ गेले. "हो म्हटलं तर गाठ सापडली, नाही म्हटलं तर गाठ घट्ट, गप्प बसलं तर गाठ खोल! ट्रकवाले दादा, तुम्हीच सांगा. दार तुम्हाला आधी दिसलं, की यांनी आधी विचारलं?"

ट्रकचालकाने डोळे पुसले. "यांनी विचारलं. मग दिसलं."

"आणि कडी?"

"तिचं पण... यांनीच विचारलं."

मी लोकांकडे वळले. "हीच यांची सिद्धी," मी म्हणाले. "डोळे मिटलेले, कपाळावर हात, समोर एवढी माणसं. हा दार म्हणतो, मन दार रंगवतं. रंगवलेलं दार आठवणीइतकंच खरं वाटतं. आता मनगुरू, एवढंच सांगा: आम्ही काय बोललो तर तुम्ही चुकलात असं ठरेल?"

"हा प्रश्न म्हणजे तुझा वडिलांवरचा राग आहे!"

या वेळी लोक त्यालाच हसले.

"पण ताई, मला आवाज खरंच आला गं," धाकटी पुटपुटली.

"आला असेल. तुझं रडणं खोटं नाही. पण घडलं काय, ते तपासायला नको?"

तिने मनगटावरच्या धाग्याची गाठ सोडली, खाली उतरली आणि आईसमोर उभी राहिली. आवाज अजून तुटकच होता. "रट्टे का द्यायचीस, ते सांगशील?"

"सांगते की. चल घरी."

आईवर रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण तो राग तुमचा स्वतःचा असू द्या. कुणी तुम्हालाच तुमचं बालपण सांगायला लागला, तर त्याला विचारा, "तुला कसं कळलं? आणि तू चुकलास तर मला कसं कळेल?" तो उत्तर देईपर्यंत आपलं माणूस तोडू नका.