दादाचे श्वास

दादाचा आवाज मोठा आणि माझं काम हलकं, हे आमच्या घरात लहानपणापासून ठरलेलंच आहे. तो पुस्तकं वाचतो, लोक ती कानात घालून फिरतात, आणि त्या वाचनातलं खाकरणं, ओठांची चपचप, दर वाक्याआधी घेतलेला तो हावरट श्वास कापून काढायला मी आहेच. शिवाय दादासाहेबांना आवाज त्यांच्या लाडक्या जुन्या यंत्रातून फिरवून हवा असतो, त्यामुळे कॉम्प्युटरला घाई करता येत नाही. वाचन तासाचं असेल तर मिक्स रेंडर व्हायलाही, म्हणजे शेवटची फाइल वाजत वाजत तयार व्हायलाही, पूर्ण तास लागतो, आणि तो तासभर दादा माझ्या मागच्या खुर्चीत डोळे मिटून स्वतःलाच ऐकत बसतो. माझ्यावर विश्वास नाही ना.

"आवाजाची झाडलोट करतोस तू, दुसरं काय," असं चारचौघांत म्हणतो.

एका दुपारी रेंडर चालू असताना समोरच्या रेकॉर्डिंग बूथच्या काचेत मला मागे बसलेल्या दादाचं प्रतिबिंब दिसलं. स्पीकरमधून वाचन अखंड चाललं होतं आणि त्याची छाती हलत नव्हती. दर प्रकरणात काही श्वास माझ्या हातून कापायचे राहतातच; तसा एक परिच्छेदाच्या शेवटी राहून गेला होता. तो वाजला आणि खुर्चीतल्या दादानेही नेमका तेव्हाच श्वास घेतला. म्हटलं, योगायोग असेल. पुढच्या प्रकरणात मी मुद्दाम काही श्वास ठेवले, काही काढले. जिथे काढले होते, तिथे त्याचा चेहरा काळवंडला.

"हल्ली इथे बसलं की दम लागतो," शर्टाचं बटण सोडत तो म्हणाला. "तुझी ही खोलीच कोंदट."

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. त्या प्रकरणातले सगळे श्वास परत जागच्या जागी लावून दिले. ते ऐकून दादाने तोंड सोडलं ते थांबेचना, माझी अक्कल काढली, आणि वहिनीच्या देखत सांगून टाकलं, "शेवटचं प्रकरण संपव आणि सामान उचल. दुसरा माणूस बघितलाय मी." वहिनी दुसरीकडे बघत हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटच्या प्रकरणावर बसलो तितका मन लावून मी आजवर कुठल्याच कामावर बसलो नव्हतो. त्यात एकही श्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा येऊन बसला, डोळे मिटले, आणि मी रेंडर लावला. पहिलं पान सरेपर्यंत त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मग डोळे उघडून त्याने काचेतल्या प्रतिबिंबातून थेट माझ्याकडे पाहिलं, तोंडही उघडलं. पण बोलायलासुद्धा श्वास लागतो. स्पीकरमधला दादा मात्र कुठेही न अडखळता, रंगात येऊन वाचत होता.

माझं बोट थांबवायच्या बटणावर गेलं होतं. पण रेंडर मध्येच थांबवला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून मी बोट उचललं आणि आवाज थोडा वाढवला.