सतरा नंबरचं वर्तुळ

मी ट्रेसिंगचा कागद बोलतोय. पनवेलमधल्या एका ब्लॉकमध्ये, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, प्लास्टिकच्या नळकांड्यात गुंडाळून पडलोय. आधीच सांगून टाकतो, मी पछाडलेला आहे. हसू नका. उलट्या पायांचं वगैरे काही नाही माझ्यात. आहे ते एक वर्तुळ, आठ आण्याच्या नाण्याएवढं. ते मला सोडत नाही, आणि आमच्या आभालाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. १९९३च्या जानेवारीत आभाने मला दुकानातून आणलं आणि बोर्डावर चिकटवलं, तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. ती विद्यापीठात शिकत होती. विषय काय, तर झाडं कुठे, कोणती, कशी लावायची आणि लावल्यावर पुढची तीस वर्षं त्या जमिनीची निगा कशी राखायची. तिच्या आईला, सुमतीबाईंना, हे काही केल्या पटायचं नाही. झाडं लावायला कशाला हवी पदवी, आमच्या आजोळचा गडी अंगठेबहाद्दर होता, असं त्या पोळ्या लाटता लाटता ऐकवायच्या.

पण तिचे कमलाकर सर होते ना, ते वेगळेच. सगळी मुलं रंगीत वर्तुळं काढण्यात गुंग असताना ते मागे येऊन उभे राहायचे. म्हणायचे, झाड काढायला एक मिनिट लागतं, तीस वर्षं त्याच्याकडे कोण बघणार ते लिहा आधी. म्हणून माझ्या उजव्या कडेला एक तक्ता आहे. झाड, काम, वर्ष आणि शेवटचा रकाना ‘कोण’. बाकीच्या मुलांनी त्यात ‘माळी’ लिहून हात झटकले. आभाला ते जमेना.

प्रकल्पासाठी तिने निवडलेली जागा बेलपाड्याच्या वरच्या अंगाला होती, डोंगराच्या पायथ्याशी. खारघरचं नवं शहर तेव्हा मोजणीच्या खुंट्यांतच होतं. आभा मला बोर्डासकट तिथे घेऊन जायची. वरच्या वाडीतली पारू रोज विहिरीवर पाणी भरायला यायची. वीटभट्टीवर काम करणारी, हडकुळी, कमी बोलणारी बाई. पहिले दोन दिवस ती नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी मोजायच्या फितीचं टोक एकटीने सांभाळताना आभाची त्रेधा उडाली, तशी पारूने हंडा खाली ठेवला आणि टोक हातात घेतलं.

मग काय, दोघींची गट्टी जमली. आभा झाडांची पुस्तकातली नावं सांगायची, पारू आपली. एका मोठ्या झाडापाशी मात्र पारू थबकली. फाल्गुन लागला होता, झाडाला तांबडीलाल पालवी फुटली होती. आभाने वहीत सतरा नंबर घातला.

“कोशिंब हाय,” पारू म्हणाली. “ह्याच्याखाली माझी गोदू हाय.”

गोदू तिची लेक. अडीच वर्षांची होऊन तापाने गेली होती. त्यांच्यात पुरतात. वर दगड नाही, नाव नाही, झाड हीच खूण.  आभाने त्या झाडाचं अंतर दोनदा मोजलं, एकदा विहिरीच्या कठड्यापासून आणि एकदा मोठ्या काळ्या खडकापासून. दोन्ही वेळा फितीचं शून्याचं टोक पारूने धरलं होतं. त्या संध्याकाळी माझ्या तक्त्यात सतरा नंबरपुढे, ‘कोण’च्या रकान्यात, आभाने लिहिलं ‘पारू’. सरांनी त्यावर बोट ठेवून नुसती मान हलवली. तेव्हा मला केवढा मान वाटला होता म्हणून सांगू.

आता चूक सांगतो. सांगताना अजून अंग आखडतं.

राखायची झाडं जागेवर ओळखता यावीत म्हणून आभाने तेवीस झाडांच्या बुंध्यांना पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला आणि नंबर घातले. कॉलेजच्या हिशेबाने अगदी शिस्तशीर काम. पारू डबा धरून उभी होती. ती म्हणाली, “ताई, रंग नका लावू. रंग लावलेलं झाड जातं.”

आभा हसली. ते जंगलखात्याचं झालं, आमच्यात पट्टा म्हणजे झाड राखायचं, असं तिने समजावलं. पारूला पटलं नव्हतं. पण शिकलेल्या बाईपुढे ती काय बोलणार? तिने डबा पुढे केला. तिचा बाप लाकूडतोडीला जायचा, तिने लहानपणापासून बघितलं होतं, आधी रंग येतो आणि मग करवत.

पुढच्या हिवाळ्यात तिथून रस्ता काढायचं ठरलं. रस्त्यात येणाऱ्या झाडांना मोजणीवाल्यांनी पट्टे मारले होते. तेही पांढरेच. तोडणाऱ्या माणसांना सांगितलं होतं, रंगवलेली तेवढी घ्या. त्यांनी घेतली. रस्त्यातली घेतली आणि रस्त्यापासून हाकेच्या अंतरावरची आभाची तेवीसही घेतली. तिने रंग लावला नव्हता ती झाडं तशीच उभी राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागून यंत्राने खुंट उपटले आणि सगळीकडे मुरूम पसरून जमीन सपाट केली; विहीर आणि काळा खडक तेवढे उरले.

आभाला कळलं ते त्याच जागेचा पुढचा प्रकल्प करायला गेली तेव्हा. घरी येऊन तिने दार लावून घेतलं, आई हाका मारत राहिली तरी जेवली नाही. आज जागेवर आहे तेच नकाशात दाखवायचं, असा नियम. म्हणून तिने दाढीचं अर्धं पातं घेतलं आणि माझ्यावरची वर्तुळं खरवडायला बसली. शाई अशीच काढतात, पात्याने, हलक्या हाताने. बावीस गेली. सतरावं जाईना. खरवडून खरवडून मी तिथे इतका पातळ झालो की फाटायच्या बेतात आलो. मग ‘कोण’च्या रकान्यातलं नावही तिने काढलं. ते जास्त दुखलं.

एस.टी. स्टँडजवळच्या दुकानात माझी अमोनिया प्रिंट, म्हणजे निळ्या रेघांची नक्कल, काढली, तर त्या जागी फिकट निळं कडं. दुकानदार म्हणाला, कागद खरखरीत झालाय, तिथे प्रकाश अडतो. पुन्हा काढली, पुन्हा कडं. आभाने तिसरी प्रिंट बघितलीच नाही. पैसे देऊन निघून आली आणि मला या नळकांड्यात कोंबलं.

त्यानंतर चैत्रात पारू घरी आली. पनवेलच्या बाजारात करवंदं विकून, विचारत विचारत. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, “ताई, समदं सारखं झालंय. गोदू कुठं हाय, कळत नाय. तुमच्या कागदावर ते झाड हाय ना?”

रागावली नव्हती हो ती. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती जागा विचारत होती.

आणि आमची आभा म्हणाली, “तो कागद हरवला, पारू.”

मी इथेच होतो. कपाटाच्या डोक्यावर, चार हातांवर. ओरडता आलं असतं तर भिंती हादरवल्या असत्या. पारूने मान हलवली, पानात बांधलेली मूठभर करवंदं उंबऱ्यावर ठेवली आणि गेली.

याला आता चार वर्षं झाली. आभाला चांगली नोकरी आहे. ऑफिसच्या आवारात तिने मोजून तेवीस रोपं लावलीत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. कुठल्याही झाडाला ती रंग लावू देत नाही, लोक तिला विक्षिप्त म्हणतात. कपाट उघडताना वर बघत नाही. चहाच्या कपाचा गोल डाग ओट्यावर उमटला तरी घाईघाईने पुसते. चोराच्या मनात चांदणं. गेल्या आठवड्यात जेवताना ती आईला सांगत होती, पारू अजून तिथे जाते, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी बसते. आणि दिवाळीनंतर विहीर बुजवणार आहेत. एवढं बोलून ती ताटावरून उठली. सुमतीबाई म्हणतात, यंदाच्या साफसफाईत कपाटावरची सगळी अडगळ रद्दीत द्यायची.

म्हणून आज बोलतोय. आभा, तू माझी पुढची बाजू खरवडलीस. मागची विसरलीस. शाई फिस्कटू नये म्हणून पेन्सिलीच्या रेघा आणि मापं तू नेहमी माझ्या पाठीवर काढायचीस, आठवतं? त्या आहेत. अजून स्वच्छ वाचता येतात. विहिरीच्या कठड्यापासून सव्वीस मीटर चाळीस. काळ्या खडकापासून अठरा मीटर दहा. डोंगराच्या बाजूला.

मला फाडलंस तरी चालेल, पण आधी एकदा उलटा करून वाच. विहीर आहे तोवर दोन फिती घेऊन जा. खोटं बोलले म्हणून सांग, ती ऐकून घेईल. आणि शून्याचं टोक पारूच्या हातात दे.