उमैमा शहाण्यासारखी बसली

उमैमानं आज तरी शहाण्यासारखं वागू नये, असं फारूकला मनापासून वाटत होतं आणि नेमकी आजच ती शहाण्यासारखी बसली.

मुखेडहून पहाटेच्या एसटीनं बापलेक नांदेडला आले होते. इथल्या एका शाळेत, ज्या पोरांना वेगळं शिकवावं लागतं त्यांच्यासाठी विशेष वर्ग होता आणि त्यात एकच जागा उरली होती. ती मिळाली तर बायको मुबश्शिरा पोरीला घेऊन इथंच देगलूर नाक्याजवळ माहेरी राहणार, फारूक मुखेडात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान सांभाळणार, असं ठरलं होतं. बाहेरच्या बाकावर लोह्याचे किशनराव नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. तेही त्याच जागेसाठी आलेले.

वर्गाच्या तनुजाबाईंनी ठोकळे पुढं ठेवले. सात वर्षांच्या उमैमानं त्यांच्या रंगवार रांगा लावल्या. चित्रातलं मांजर बोटानं दाखवलं. हाक मारली तर मानसुद्धा वर केली. तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा काढला.

"छान आहे की पोरगी. साध्या शाळेत चालून जाईल. ज्याला खरी गरज आहे त्याला जागा देऊ."

इतकी वर्षं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला फारूक हेच सांगत आला होता, पोरगी छान हाय, जरा उशिरा बोलंल, बस्स. आता तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो घाईनं पुढं झाला.

"न्हाई साहेब," तो म्हणाला, "छान न्हाई ती."

बोलून गेल्यावर त्यानं लेकीकडं पाहिलं. ती ठोकळ्यांत गुंग होती. ऐकलं का हिनं? कळलं का?

"म्हणजे?"

"अजून अब्बा म्हणली न्हाई मला. लग्नाकार्यात नेता येत न्हाई. गावच्या शाळेनं आठ दिवसांत घरी धाडली. गोंगाट झाला की सोताच्या हाताला चावती..." एकेका वाक्यासरशी आपण पोरीची चहाडी करून राहिलो, असं त्याला वाटत होतं.

"आईबापाला काळजी वाटतेच हो," साहेब म्हणाले. "पुढच्याला बोलवा."

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. व्हरांड्यात सगळ्या शाळेची पोरं ओरडत सुटली. उमैमानं कान गच्च दाबले, टेबलाखाली शिरली आणि मनगटात दात रोवून असा टाहो फोडला की साहेब खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

फारूकच्या छातीवरचा दगड उतरला. क्षणभरच. लगेच त्याला स्वतःची शिसारी आली. लेक तडफडून राहिली अन् आपल्याला हायसं वाटतंय?

तो धावणार, तोच तनुजाबाईंनी हातानं त्याला थांबवलं. त्यांनी दार लावलं, पंखा बंद केला आणि फरशीवर जरा अंतर ठेवून बसल्या. गप म्हणाल्या नाहीत की पोरीला ओढलं नाही. फक्त रुमालाची जाड घडी तिच्याकडं सरकवली. उमैमानं मनगट सोडून ती घडी दातात धरली. बऱ्याच वेळानं रडं हुंदक्यांवर आलं.

साहेब परत खुर्चीत बसले. "घ्या बाई हिला," एवढंच म्हणाले.

"सोमवारी घेऊन या," तनुजाबाई फारूकला म्हणाल्या.

"रोज सुट्टी झाली की... दार लावसाल न, बाई?"

"लावीन."

त्यानं दोनदा मान हलवली, तरी पाय निघेना. शेवटी बाईंनीच दार उघडून दिलं.

बाहेर किशनराव नातवाच्या तोंडाची लाळ धोतराच्या सोग्यानं पुसत होते. त्यांनी आतला टाहो ऐकला होता.

"झालं का काम, भाई?"

"हाव, काका."

"बरं झालं." म्हातारा बंद होणाऱ्या दाराकडं बघत राहिला. "मग आता आमाला आत बोलवतेत का न्हाई?"

उमैमाला कडेवर घेऊन फारूक फाटकाकडं निघाला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.