गाडीतलं बोलणं

हरेशला पुण्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेवढ्या काळात संजीवनीला एक खूण अंगवळणी पडली होती. फोन उचलून नवरा ‘बोला’ म्हणाला की गाडीत माणसं बसलेली असतात, आणि ‘बोल गो’ म्हणाला की गाडी रिकामी असते.

ही खूण त्या दोघांनी ठरवली त्याला एक कारण घडलं होतं. हरेश ज्या कंपनीत ड्रायव्हर होता, तिच्या बॅटरीवरच्या गाड्या ऑफिसच्या लोकांची ने-आण करत. गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही, असा तिथला कडक नियम. बसल्याबरोबर फोन गाडीला जोडायचा. मग नकाशा, पुढच्या फेरीचा निरोप, गाणी, सगळं समोरच्या मोठ्या स्क्रीनवर येई आणि फोन आला तर तो गाडीच्या स्पीकरवर वाजे. संजीवनीला याचा पत्ता नव्हता. लग्न होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. एका दुपारी डोळखांबच्या वरच्या पाड्यावर, जिथे रेंज येते त्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून तिने फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, “तुमच्या उशीला अजून तुमच्या डोक्याचं तेल लागलंय. मी ती धुवायला टाकत नाय.”

पलीकडे कुणीतरी हसलं. परका पुरुष. त्याच्यामागून आणखी कुणीतरी. मग हरेशचा खाकरल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी तिचे कान संध्याकाळपर्यंत तापलेले होते. हरेशने नंतर समजावून सांगितलं, चुकलं माझं म्हणाला, आणि मग ‘बोला’ची खूण ठरली. ‘बोला’ आलं की संजीवनी भाताच्या मळणीचं सांगायची, बाईजाच्या म्हणजे सासूच्या गुडघ्याचं सांगायची, जेवलात का विचारायची आणि ठेवून द्यायची. मनातलं ती ‘बोल गो’साठी राखून ठेवायची. पण दिवस जात गेले तशा हरेशच्या फेऱ्या वाढल्या आणि ‘बोल गो’ कमी कमी होत गेलं. खोलीवर पोचला की तो झोपेला आलेला असे. राखून ठेवलेलं पुष्कळ साठलं. काही शिळं झालं, काही तिचं तीच विसरून गेली.

गाडीविषयी मात्र तो भरभरून बोलायचा. इंजिनाचा आवाज नाही, हादरा नाही, फोन जोडला की अख्खा फोनच समोर उघडतो, बाई रस्ता सांगते, कुठे बॅटरी भरता येईल तेही दाखवते. संजीवनी ते सगळं ऐकायची, कारण ते सांगताना त्याचा आवाज लग्नाच्या दिवसांतल्यासारखा होई. मधूनच ती विचारायची, इकडे शहापूरच्या गोदामांना गाड्या लागतात म्हणे, तिकडची ड्युटी मिळत नाही का? हरेश म्हणायचा, बघतोय गो, पण कंपनी देत नाही.

पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा उठली त्या आठवड्यात त्याचा फोन आला. ऑफिसचे तीन साहेब मुरबाडला शेतजमीन बघायला येणार होते आणि गाडी त्याच्याकडे होती. साहेब दलालाबरोबर त्याच्या जीपमधून रानात जाणार, तोवर हरेश मुरबाडच्या बाहेर एका हॉटेलजवळ बॅटरी भरत थांबणार. पाड्यापर्यंत येण्याइतका वेळ नव्हता. पण ती आली तर भेट होईल.

संजीवनीने सासूला सांगितलं की मुरबाडला घोंगडी बघून येते, जत्रेनंतर स्वस्त मिळतात. बाईजाने काही न विचारता तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून दिली आणि वर म्हणाली, त्याला चटणी जास्त घाल. जीपने किन्हवली, तिथून एसटीने मुरबाड, असं करत संजीवनी हॉटेलजवळ पोचली तेव्हा हरेश गाडीला टेकून रस्त्याकडेच बघत होता. तो अंगाने थोडा भरला होता. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात तो तिला आधी परका वाटला, आणि हसला तेव्हा पुन्हा आपला वाटला.

हॉटेलच्या बाकड्यांवर गर्दी होती, म्हणून ते गाडीतच बसले. त्याने मांडीवर फडकं पसरून भाकरी खाल्ली. एक कण सीटवर पडू दिला नाही. मग तिला म्हणाला, फोन लाव मला, गंमत दाखवतो. तिने लावला. समोरचा स्क्रीन उजळला आणि मोठ्या अक्षरांत आलं : घर.

“माझं नाव नाय?” तिने विचारलं.

आधी नाव होतं, लग्नातला फोटोही होता, हरेशने सांगितलं. पण मागे बसलेले लोक बघायचे, विचारायचे. म्हणून बदललं. संजीवनीने मान हलवली. पटण्यासारखंच होतं ते. तरी आपला फोटो इतके दिवस तिथे नाही हे आपल्याला ठाऊक नव्हतं, एवढं तिच्या मनात राहिलं.

ती आता साठलेलं काढणार होती. कुठून सुरुवात करावी हेच तिला सुचत नव्हतं. पहिला शब्द ओठावर येतो न येतो तोच स्क्रीन पुन्हा उजळला. सुपरवायझरचा फोन. हरेशने सवयीने बटण दाबलं आणि गाडीभर त्या माणसाचा आवाज भरला. बॅटरी किती झाली, साहेब कधी निघणार, हे विचारून झाल्यावर तो म्हणाला, “आणि ते शहापूरच्या रूटचं शेवटचं विचारतोय. दोनदा नाही म्हणालास. घर तिकडंच आहे ना तुझं? नको असेल तर दुसऱ्याचं नाव लावतो.”

हरेशचा हात स्क्रीनकडे गेला आणि मध्येच थांबला. “सर, गाडीत माणूस आहे,” तो म्हणाला. “नंतर बोलतो.”

आवाज गेला. गाडी तशी मुळातच गप्प होती.  हॉटेलातून कढई घासल्याचा आवाज येत होता.

“मला तर सांगितलंत, कंपनी देत नाय,” संजीवनी म्हणाली.

हरेश दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. मग म्हणाला, “तिकडं डिझेलची जुनी व्हॅन हाय. दरवाजा दोन वेळा आपटल्याबिगर लागत नाय. ही गाडी एकदा सोडली की परत भेटायची नाय गो.”

“गाडीसाठी नाय म्हटलंत?”

“पाड्यावर मला कोनी विचारत नव्हतं. या सीटवर बसलो का साहेब लोक पन हरेशभाऊ म्हनतात.” तो थांबला. “तुला सांगायची लाज वाटली.”

संजीवनीने स्वतःतच राग शोधला. राग होता, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. फोनवर ज्या आवाजासाठी ती रोज मोहाखाली उभी राहायची, तो आनंदी आवाज या गाडीने दिलेला होता. ती ज्याच्यासाठी झुरत होती तो माणूस इथे बसल्यावरच तसा होत होता. याचं काय करायचं ते तिला कळेना. तिने फडक्याची घडी केली. पुन्हा उलगडली. पुन्हा घडी केली.

तेवढ्यात साहेब लोक परतले. त्यांना पुढे शहापूरकडेही एक जागा बघायची होती. हरेशने चाचरत विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले, वहिनींना किन्हवलीला सोडा, त्यात काय. संजीवनी पुढे नवऱ्याशेजारी बसली. सरळगाव गेलं, दोन्ही बाजूंची कापलेली शेतं मागे पडत गेली. मागे साहेब जमिनीच्या भावाचं बोलत होते. स्क्रीनवरची बाई मधूनच रस्ता सांगत होती, जो त्या दोघांनाही तोंडपाठ होता. नवऱ्याच्या गाडीतून जायचं तिने किती वेळा मनात आणलं होतं. त्या वाटेवर दोघं एक शब्द बोलली नाहीत. किन्हवलीच्या फाट्यावर ती उतरली. साहेबांनी हात जोडले. हरेश तिच्याकडे बघत होता, पण मागे माणसं होती.

त्यानंतर ती झाडाखाली गेलीच नाही. घरात रेंज नव्हती, त्यामुळे फोन येत होते की नाही हेही कळत नव्हतं. बाईजा दोन-चार दिवस बघत राहिली. मग एका सकाळी म्हणाली, “तुमचं काय ते तुमी बघा. पन मला माझ्या पोराचं बरंवाईट कळूंदे.” तेव्हा संजीवनी फोन घेऊन वर गेली आणि पोचताच तो वाजला.

या वेळी आवाज निराळा होता. बारीक, जवळचा. मागून ट्रक जात होते, वारा होता. हरेशने गाडी कडेला लावली होती, फोन गाडीपासून काढला होता आणि तो रस्त्याच्या बाजूला उन्हात उभा होता. असा काढला की ऑफिसला लगेच कळतं, ते विचारतील, विचारू देत, असं तो म्हणाला. फोन त्याच्या कानाला होता आणि दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

“मी विचारलं शहापूरचं,” तो म्हणाला. “रूट गेला दुसऱ्याला. परत जागा झाली तर माझं नाव हाय आता.”

“त्यांनी विचारलं, का तुमी?”

“मी.”

“व्हॅन जुनीच असली तरी?”

तो लगेच बोलला नाही. तो खोटं बोलायला वेळ घेत नव्हता, हे तिला समजलं. गाडी सोडायची म्हणजे काय, ते तो मनाशी बघत होता. मग तो म्हणाला, “असली तरी.”

संजीवनी झाडाच्या मुळीवर बसली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सांगायला लागली. नीट जुळवून नाही, जसं आठवेल तसं. शेळी व्यायली ते, दिवाळीत एकटीने लावलेल्या पणत्यांचं, मुरबाडहून परतताना किती रडू आलं आणि जीपमध्ये ओळखीचे लोक होते म्हणून कसं गिळलं ते. तो ऐकत राहिला. ट्रक गेला की ती थांबे, मग पुन्हा बोले.

फाल्गुन संपत आला तरी जागा झाली नव्हती. हरेश तीच गाडी चालवत होता, आणि बॅटरी भरायला लावली की लांब जाऊन उभा राहून फोन करत होता. सासू-सुनेने राबावर, म्हणजे भाताची रोपं करायच्या तुकड्यावर, पाला टाकायला काढला; पेरणीआधी तो जाळून जमीन भाजायची होती. डोक्यावरचा भारा खाली उतरवताना बाईजाने विचारलं, “पावसात भात लावायला, आवणीला तरी येल का गो तो?”

“ठावं नाय,” संजीवनी म्हणाली. “यायचं त्यांच्या मनात हाय.”

बाईजाने भाऱ्याची दोरी सोडली. दोघी खाली वाकल्या आणि राबावर पाला सारखा पसरू लागल्या.