आवळ्याहून आंबट सरबत

अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या नोकरीला गेलेल्या पुतण्याने कळवलं, की काकू, तुमचं आवळ्याचं सरबत इथल्या दुकानात ठेवता येईल, फक्त बाटलीवर व्हिटॅमिन सी किती ते आकड्यात छापा. म्हणून नारायण पेठेतल्या द्वारकाबाई स्वारगेटजवळच्या खासगी प्रयोगशाळेत एक बाटली घेऊन आल्या.

तपासणी तिथल्या रसायनतज्ज्ञ प्रियदर्शनीकडे आली. काम तसं साधं. काचेच्या उभ्या नळीतून निळा रंग सरबतात थेंबथेंब सोडायचा. व्हिटॅमिन सी असेपर्यंत रंग नाहीसा होत राहतो. ते संपलं की आंबटात निळ्याची झालेली गुलाबी छटा टिकते. द्वारकाबाईंचं सरबत दुसऱ्याच थेंबाला गुलाबी झालं. तिने तीनदा करून पाहिलं आणि अहवालात लिहिलं, नगण्य.

द्वारकाबाईंनी अहवाल चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. मग शांतपणे म्हणाल्या, "आपल्या नळीला आवळा माहीत नसावा."

चार दिवसांनी त्या दुसरी बाटली घेऊन आल्या. या वेळी प्रियदर्शनी रंग सोडतेय नि सरबत तो गिळतंय. नळी रिकामी झाली, पुन्हा भरली, तीही संपत आली. आकडा निघाला तो निव्वळ आवळ्याच्या रसापेक्षा जास्त. तिला हसू आवरेना. सरबताला व्हिटॅमिन सीच्या संत्रा-स्वादाच्या गोळीचा वास येत होता.

तिने द्वारकाबाईंना आत बोलावलं, स्टूल दिलं आणि हळूच विचारलं, "काकू, किती गोळ्या?"

"बारा," द्वारकाबाई म्हणाल्या. "औषधवाल्याकडे तेवढ्याच होत्या."

प्रियदर्शनीला खरं तर रागवायचं होतं, पण इतक्या सरळ कबुलीपुढे राग टिकेना. तिने सरबत कसं करता ते विचारलं. आवळे किसायचे, पाक करायचा, सासूबाईंच्या मोठ्या पितळी पातेल्यात तासभर आटवायचं. आणि कल्हई? ती कधीच उडालेली. कल्हईवाला पेठेत येईनासा होऊन पाच वर्षं झाली होती.

मग दोघींनी शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतच आवळे किसले. एक रस कच्चा, एक स्टीलमध्ये उकळलेला, एक पितळेत. कच्च्याने पुष्कळ रंग गिळला, स्टीलमधल्याने जरा कमी, पितळेतल्याने जेमतेम. प्रियदर्शनीने समजावलं, की उकळून थोडं व्हिटॅमिन जातंच, पण उघड्या पितळेतलं तांबं ते भराभर संपवतं. शिवाय असलं आंबट पोटालाही बाधतं.

द्वारकाबाईंनी पितळेतल्या रसाचा गुलाबी पेला उजेडात धरून पाहिला. सासूबाईंच्या पातेल्यावर ठपका ठेवायला जीभ रेटेना. म्हणाल्या, "त्या असत्या तर तुझी नळीच फोडली असती." 'आपण'चं 'तू' झालेलं प्रियदर्शनीच्या लक्षात आलं, आणि बरं वाटलं.

पुढच्या खेपेला त्यांनी पाक वेगळा केला आणि तो गार झाल्यावर स्टीलच्या डब्यात कच्चा रस घातला. आकडा चांगला निघाला, खरा निघाला. पण असं सरबत टिकेना. अमेरिकेचं जहाज निघेपर्यंतच ते आंबलं असतं, म्हणून परदेशाचा बेत बारगळला. द्वारकाबाईंनी ते घरूनच विकायला काढलं आणि बाटलीवर प्रियदर्शनीने दिलेल्या आकड्याखाली स्वतःची ओळ छापून घेतली: 'आठ दिवसांत संपवावे. संपत नसेल तर नेऊ नये.'

महिन्याभरात नारायण पेठेत रांग लागू लागली.