सोसेल एवढी ऊब

पंचफुला कुत्रीच्या पोटावर लुगड्याचा बोळा दाबून उभी होती आणि तो बोळा आतून भिजत चालला होता. चिंधीचे पाय टेबलाला दोरीने बांधले होते, जबड्याला पट्टी आवळली होती, तरी ती अशी हिसके देई की टेबलाचा पत्रा वाजे. डॉक्टर अरुणकुमारांनी पुढच्या पायाची शीर शोधून भुलेची सुई खुपसली. कुत्री एकदा ताठ झाली, मग ओल्या पोत्यासारखी पसरली.

"कशानं लागलं?" डॉक्टरांनी विचारले.

"फावडं लागलं, साहेब," तिचा नवरा शालिकराम दारातून म्हणाला.

"लागलं नाही. मारलं यायनं," पंचफुला म्हणाली.

पंचफुलाचा डावा डोळा सुजून मिटला होता. सकाळी भाकर करपली म्हणून शालिकरामने तिला चुलीपुढून केस धरून ओढले आणि तोंडावर दोन ठेवून दिल्या. चिंधीने त्याची पोटरी धरली. तेव्हा हाती आले ते फावडे त्याने पात्याच्या अंगाने हाणले. असा हा मर्द गडी! भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोळसा भाजायच्या भट्टीच्या, कोक ओव्हनच्या, बांधकामावर त्याच्याइतकी सरळ वीट कोणी लावत नसे, रशियन साहेबसुद्धा त्याची पाठ थोपटत.

दुर्गच्या गुरांच्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर बैलगाडीत पंचफुला एकदाच बोलली होती. "चिंधी मेली त मी गोंदियाले मायच्या घरी चालली. मांगं पाहनार नाही." ती बोलते तसे करते, हे नवऱ्याला ठाऊक होते. नाहीतर कुत्रीसाठी हजेरी बुडवणाऱ्यांतला तो नव्हता.

डॉक्टरांनी चिंधीच्या मांडीत बोटे घालून नाडी पाहिली. बाहेर डिसेंबरचे वारे सुटले होते.

"अंग गार पडतंय. भुलेतलं जनावर थरथरत नाही, त्याला आपली ऊब आपण आणता येत नाही. असंच गार होत गेलं तर टाके पडायच्या आत जाईल. त्या शेगडीवर विटा तापव, गोणपाटात गुंडाळ आणि अंगालगत लाव. आधी हाताला सोसते का बघ."

विटांचे नाव निघाले तसा शालिकराम हुशारला. हे त्याचे काम होते. निखारे फुंकून त्याने विटा तापवल्या, एक नुसत्या हाताने उचलली आणि दोन्ही तळव्यांत दाबून पाहिली.

"सोसते," तो म्हणाला आणि गोणपाटाचा एक फेरा देऊन वीट त्याने चिंधीच्या पाठीखाली सरकवली.

डॉक्टर आतडे धूत होते. थोड्या वेळाने केस जळाल्याचा वास आला. पंचफुलाने पाठीखाली हात घातला आणि किंचाळली. तिने वीट ओढून काढली, तशी गोणपाटाबरोबर तळहाताएवढी कातडीही निघून आली. चिंधी हूं की चूं न करता भाजत पडली होती.

"अरे हरामखोरा!" डॉक्टरांचे हात मनगटापर्यंत रक्ताने माखले होते. "ती वीट धर परत. धर! कशी लागते?"

शालिकरामने धरली. "कोमट."

"तुझे तळवे मेलेत. विटा वाहून वाहून नुसतं चामडं झालंय. त्यांना काही कळत नाही."

शालिकराम कितीतरी वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो घाईघाईने बायकोला म्हणाला, "पाह्य, साहेब काय म्हनून राहिले. मी त तुले हळूच मारत होतो वं. मले हातात तसंच वाटे."

"हाताले समजत नाही," पंचफुला म्हणाली, "पर डोये त हायेत ना तुमाले?"

डॉक्टरांनी पोटाला टाके घालायला सुरुवात केली. शालिकरामने दुसरी वीट उचलली, सवयीने तळव्यांत धरली आणि तशीच वर नेऊन आपल्या गालाला लावली. तो चरकला. वीट खाली ठेवून तो थांबला, पुन्हा गालाला लावली, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा त्याने ती गोणपाटाचे चार फेरे देऊन गुंडाळली आणि चिंधीच्या पोटाशी लावून हात तिच्यावर तसाच ठेवला, वीट घसरू नये म्हणून. पुढच्या विटाही त्याने अशाच गालावर पारखल्या. गाल लालबुंद झाला, तरी पंचफुलाने त्याकडे पाहिले नाही.

दुपार टळल्यावर चिंधी कुडकुडू लागली. "वाचली," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दोऱ्या सोडल्या.

"वाचली वं," शालिकराम म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज फुटला होता. "चाल आता घरी."

चिंधीने डोळे अर्धवट उघडले. पोटाशी वीट होती आणि विटेवर शालिकरामचा हात. मान धरवत नव्हती तरी ती टाक्यांसकट मागे सरकू लागली, ऊब सोडून, थंडगार पत्र्यावर, जळालेल्या पाठीवर घसटत. टेबलाची कड आली तेव्हा पंचफुलाने तिला अडवले.

"हात काढा," ती म्हणाली.

त्याने हात काढला आणि तो दोन पावले मागे झाला. कुत्री थरथरत पडून राहिली. तो आणखी मागे गेला, पार दाराबाहेर. तेव्हा चिंधी हळूहळू विटेकडे परत सरकली.